येऊ दे, अजून येऊ दे

आमच्या कॅम्पर व्हॅनला आम्ही बिऱ्हाड म्हणायचो. रीडिंगमधल्या घराला घर म्हणायचो, पण ते नावापुरतं. ते भाड्याचं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कार्पेटवर हळद सांडायची नाही. दर थोड्या महिन्यांनी एजन्सीची बाई यायची, कपाटं उघडून बघायची आणि जाताना न बोलता स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून जायची. आमच्या फोडणीबद्दल तिला काय म्हणायचंय ते आम्हाला कळायचं. त्यात नवऱ्याचं वर्क परमिट. त्याची मुदत जवळ आली की मी नवी चादरसुद्धा घ्यायची नाही. अशा घरात माणूस राहतो, पण पाय पसरून बसत नाही.

बिऱ्हाडात मात्र मी खिळा ठोकला. सिंकच्या वरच्या लाकडी फळीत, आईने दिलेली किसणी अडकवायला. परदेशात माझ्या हाताने ठोकलेला पहिला खिळा. तो वाकडा गेला, आणि मी तो तसाच ठेवला.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली कुटुंबं रीडिंगला भराभर येत होती आणि जो तो मॉर्गेजबद्दल बोलत होता. आम्ही दोघंच. मूलबाळ नाही, आणि त्यावरून जी काही रडारड करायची ती करून झालेली होती. एका शनिवारी आम्ही कार्डिफजवळच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून ही जुनी गाडी घेऊन आलो. चाकांखाली लिंबं ठेवली, बंपरपुढे नारळ फोडला. शेजाऱ्याने कुंपणावरून डोकावून काही मदत हवी आहे का, असं विचारलं. मी त्याला खोबऱ्याचा तुकडा दिला.

तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. म्हणजे तुम्ही गाडीत झोपता? असं एकीने विचारलं, आणि दुसरीने आवाज खाली आणून, टॉयलेटचं काय करता? मी सांगितलं, सीटखाली एक डबा असतो, तो भरला की माझा नवरा उचलून नेतो आणि धुऊन आणतो. ज्या माणसाने पुण्यात असताना जेवलेलं ताट कधी मोरीपर्यंत नेलं नव्हतं, तो प्रोजेक्ट मॅनेजर रोज सकाळी तो डबा घेऊन, वाटेत भेटेल त्याला गुड मॉर्निंग करत, आख्खी कॅम्पसाइट ओलांडून जायचा. मी चहाचा कप घेऊन दारात बसून ते बघायची. लग्नानंतरचं ते माझं सगळ्यात आवडतं दृश्य.

शुक्रवारी संध्याकाळी तो ऑफिसातून आला की आम्ही निघायचो. वेल्सचे डोंगर, डेव्हनचे किनारे, कधी लांब वर स्कॉटलंड. एका शेगडीवर पिठलं, दुसरीवर भात. शेजारच्या तंबूतली माणसं वास घेत यायची, एकदा एक आजोबा हातात रिकामी बशी घेऊनच आले. नवरा गाडी चालवायचा, मी मांडीवर ॲटलास घेऊन रस्ता सांगायची. मलाही लायसन्स होतं. कामाला मी आमची छोटी गाडी घेऊनच जायची, बिऱ्हाडाच्या इन्शुरन्सवरही माझं नाव होतं. पण ते शोभेचं. कधी विचारलं, मी चालवू का थोडं, तर तो म्हणायचा, "अगं, रुंद आहे ती." जणू काही मी तिच्यात आडवी झोपले नव्हते, तिचा ओटा पुसला नव्हता, आणि ती किती रुंद आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण मी वाद घातला नाही. त्याच्याकडे स्टिअरिंग, माझ्याकडे ॲटलास आणि शेगडी, अशी वाटणी झाली होती आणि चाललं होतं.

मग त्याचा डावा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर, असं डॉक्टर म्हणाले. वर्ष लागेल, दीड लागेल, व्यायाम करा. आणि गिअर टाकायचा तो डाव्याच हाताने. तो दर गिअरला दात आवळायचा आणि मला वाटायचं की माझाच हात कुणी पिरगाळतंय. दुखण्यापेक्षा त्याला दुसरंच काही लागलं होतं. शर्टात हात घालायला बायको लागते, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि पन्नाशी अजून लांब आहे. तो बोलेनासा झाला. हा माणूस गप्प बसला की घर दुप्पट गार होतं.

एक दिवस मी पोळ्या लाटत होते आणि तो मागे येऊन उभा राहिला. "गाडी विकून टाकू," म्हणाला. "स्विंडनचा एक माणूस बघायला येतोय. नेक्स्ट संडेला, संध्याकाळी. जस्ट बी प्रॅक्टिकल."

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती जळेपर्यंत तशीच बघत राहिले. मला राग आला होता. न विचारता ठरवलं म्हणून तर होताच, पण खरं म्हणजे मला भीती वाटली. गाडी गेली की आमच्यापाशी काय राहणार होतं? ते दुसऱ्याचं घर, ती खिडकी उघडणारी बाई, आणि सोफ्याच्या एका टोकाला गप्प बसलेला नवरा. मी एवढंच म्हटलं की मग त्याआधी शेवटचं एकदा जाऊन येऊ. कॉर्नवॉलला, वाळूच्या टेकड्यांमागे एक साइट होती, तिथे. हायवेवर गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, असं म्हणून तो तयार झाला.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पाऊसच नव्हता. बागांना पाइपने पाणी घालायला बंदी होती आणि गवत पार पिवळं पडलं होतं. कॉर्नवॉलला तर वाळू कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. टेकड्यांच्या खोलगट भागात उभं राहिलं की चारी बाजूंनी नुसती वाळू, वर आभाळ, समुद्र फक्त ऐकू यायचा. आम्ही दोघं भर दुपारी तिथे डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो. मी कैरीचं पन्हं करून बाटलीत भरून आणलं होतं. हा देश असा कोरडा आणि तापलेला मी कधी पाहिला नव्हता आणि मला तो एकदम ओळखीचा वाटायला लागला. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला. लहानपणी नगरला मामाकडे उन्हाळ्यात अंगणात कसे झोपायचे ते सांगत बसला. मी मनात म्हटलं, हा माणूस गाडी विकणार आणि परत गप्प होणार.

रविवारी सकाळी उठलो तर त्याला हात हलवताच येईना. रात्री वाळूत चालताना तोल गेला होता आणि त्याने त्याच हातावर भार घेतला होता. मला काही बोलला नव्हता. आता कोपर अंगापासून वीतभर दूर नेलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी माझी सुती ओढणी त्याच्या गळ्यात बांधून हात त्यात ठेवला. त्याने साइटच्या ऑफिसमधून ब्रेकडाउनवाल्यांना फोन केला. त्यांनी विचारलं, गाडीला काय झालंय? गाडीला काही झालं नव्हतं. बिघडला होता तो ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर उचलून न्यायची त्यांच्याकडे सोय नव्हती.

तो परत आला आणि पायरीवर बसला. संध्याकाळी स्विंडनचा माणूस येणार, त्याला काय सांगायचं, दुसऱ्या दिवशी ऑफिस, असं काहीबाही पुटपुटत होता. मी भांडी आवरली, गोधड्या घडी करून मागच्या खिडकीशी रचल्या, गॅस बंद केला. मग त्याच्यासमोर हात पसरला.

"किल्ली दे," मी म्हटलं. "मी नेते घरी. आणि मी नेली, तर विकायची नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रुंद आहे ती, हे त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण ते त्याने गिळलं. हो नाही की नाही नाही. खिशातून उजव्या हाताने किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

सीट पुढे ओढली तरी पाय जेमतेम पोचत होते, म्हणून पाठीमागे उशी घेतली. साइटच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा मला वाटलं, काय एवढं, बस तर चालवत नाही आहे. आणि मग ती गल्ली सुरू झाली. गल्लीच म्हणते मी तिला. कॉर्नवॉलमध्ये मेन रोडला लागायच्या आधी असे रस्ते असतात, एका गाडीपुरते, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली झुडपं. वरून हिरवी मऊ दिसतात, आत दगडी बांध असतो. आरसे दोन्हीकडून पानांना घासत होते. समोरून कुणी आलं तर एकाने मागे जायचं, शेताच्या फाटकापाशी रस्ता जरा फुगलेला असतो तिथपर्यंत. नवऱ्याने हे शेकडो वेळा केलं होतं. मी तेव्हा ॲटलास बघत असायची.

आणि समोरून ट्रॅक्टर आला. मागे गवताच्या गाठोड्यांनी लादलेली ट्रॉली, त्याच्याही मागे गाड्या. तो अजून लांब होता, वळणापाशी, तिथे त्याला थांबायला जागाही होती. मी काय केलं, तर डिपर मारला. पुण्यात मी बाबांची गाडी चालवायला शिकले तेव्हापासून हाताला हेच वळण. आपण दिवे मारायचे, म्हणजे समोरच्याला कळतं, मी येतेय, तू थांब. इथे उलटं आहे. इथे दिवे मारले म्हणजे या, आधी तुम्ही या. हे मला माहीत होतं, कामाला जाताना रोज बघत होते. पण घाबरलेला हात पुण्यालाच गेला.

ट्रॅक्टरवाल्या बाईने हात हलवून माझे आभार मानले आणि ती आली. सरळ आली, माझ्या नाकासमोर येऊन उभी राहिली. साठीची असेल, उन्हाने भाजलेली, डोक्याला रुमाल. मागच्या गाड्याही तिच्या मागोमाग आत शिरल्या. आता तिला मागे जाणं शक्यच नव्हतं. मला जायचं होतं, मागे, आत्ताच ओलांडलेल्या एका वळणावरून, शेवटच्या फाटकापर्यंत. आरशात बघितलं तर आमच्यामागेही एक छोटी निळी गाडी येऊन थांबली होती.

नवरा म्हणाला, थांब, मी त्या बाईशी बोलतो, तिच्याकडचा कुणीतरी आपली गाडी मागे घेईल. शांतपणे म्हणाला, चांगल्या मनाने म्हणाला. मला माहीत होतं की तसं झालं तर माझ्या जागेवर परका माणूस बसणार आणि संध्याकाळी दुसरा परका माणूस येऊन गाडी घेऊन जाणार. मी म्हटलं, तू उतर आणि मागे जाऊन उभा राहा.

तो उतरला. पण मागच्या खिडकीत गोधड्यांचा ढीग, मला तो दिसेना. नुसता आवाज यायचा. आणि तो आवाज मीटिंगमधला. "ओके, सो, यू हॅव अबाउट अ फूट ऑन युअर लेफ्ट, पण बेंडनंतर ते कमी होतंय, सो इफ यू स्टार्ट टर्निंग नाऊ, म्हणजे नाऊ नाही, इन अ सेकंड..." मी ब्रेकवर पाय दाबला. डाव्या बाजूला दगड खरवडल्याचा आवाज आला. ट्रॅक्टरवाली बाई हातावर हनुवटी टेकवून बघत होती.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "इंग्रजी नको. येऊ दे म्हण."

मग मागून आवाज आला, एकदम वेगळा, पोटातून आलेला. आमच्या कॉलनीत कुणाच्याही घरी टेम्पो आला की पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे ज्या आवाजात ओरडायचे, तो आवाज.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे."

मी क्लच सोडला. आरसा नको, खिडकी नको, मला काहीच बघायचं नव्हतं. त्या सुरात सगळं होतं. येऊ दे लांबला की जागा आहे, तुटक झाला की कमी आहे, वर चढला की वळव. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यालाही नाही. उजव्या हाताने तो पत्र्यावर ताल धरल्यासारखा थापा मारत होता. मग "बस!" आणि एक जोरदार थाप. मी थांबले. तो मागच्या निळ्या गाडीकडे गेलेला ऐकू आला. तिच्यात एक वयस्क इंग्रज जोडपं होतं. गळ्यात गुलाबी ओढणी बांधलेला हा माणूस त्यांनाही हात हलवत सांगायला लागला, येऊ दे, येऊ दे. आणि ते आले. एक शब्दही न विचारता ते म्हातारबुवा मराठीवर मागे जायला लागले. मला हसू फुटलं. हसता हसता भीती गेली.

मग ते, मग मी. येऊ दे. वळण आलं, त्याचा आवाज वर चढला, मी स्टिअरिंग फिरवलं, झुडपं खिडकीतून आत येऊन केसात अडकली. अजून येऊ दे. आणि एकदम दोन्हीकडची पानं बाजूला झाली, उजेड आला, शेताचं फाटक आलं. "बस!" आणि थाप.

ट्रॅक्टर आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. जाताना त्या बाईने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, नुसतं एक. त्या भागात रस्त्यावरची माणसं एकमेकांना तसंच करतात. कॉर्नवॉलला इतक्या वेळा जाऊन आले होते, पण तोवर ते बोट नेहमी माझ्या नवऱ्यासाठी असायचं. मीही एक बोट उचललं.

सगळ्या गाड्या गेल्या. मी वाट बघत होते की तो येऊन बसेल. त्याऐवजी मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या. धप, धप. एसटीचा कंडक्टर दोन घंट्या देतो तशा. चला, पुढे. मी पहिला गिअर टाकला आणि जागेवरच थांबून आरशात बघितलं, तर तो घामाघूम झालेला, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि हसत होता. कित्येक महिन्यांनी दात दिसले.

मेन रोडला लागलो, मग हायवेला. ती रुंद होती खरी, आणि जड, आणि चढावर कुरकुरायची, पण तासाभरात माझी झाली. ब्रिस्टलच्या पुढे माझ्याच्याने गप्प बसवेना, मी जोरजोरात गायला लागले. ट्रकवाल्यांना ओव्हरटेक केलं. तो डावीकडे ॲटलास घेऊन बसला होता. ती जागा त्याला जमत नव्हती. एक एक्झिट चुकीचा सांगितला. मी म्हटलं, असू दे, होतं असं पहिल्यांदा. हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून आम्ही चहा घेतला आणि सकाळच्या दशम्या खाल्ल्या. गाडी विकण्याबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. आतून मात्र माझं सारखं तेच चाललं होतं. मैल संपत आले होते आणि त्याने अजून हो म्हटलं नव्हतं.

रीडिंगला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आमच्या घरासमोर तो माणूस आधीच येऊन थांबला होता. सभ्य होता, तरुण, बरोबर बायको. ती गाडीकडे अशा डोळ्यांनी बघत होती की मला तिचा राग आला, आणि तिची कीवही आली, कारण मीही एकेकाळी गाडीकडे तसंच बघितलं होतं. मी इंजिन बंद केलं नाही. गाडी रस्त्यातच उभी, हात स्टिअरिंगवर.

नवरा उतरला. "आधी सांग," मी म्हटलं. "मग मी पार्क करते."

तो सरळ त्यांच्याकडे गेला. खिडकीतून मला ऐकू येत नव्हतं. तो बोलत होता, ओढणीतला हात छातीशी धरून, आणि त्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीचा चेहरा पडला. मग ती हसली, तिने मला अंगठा दाखवला, आणि दोघं आपल्या गाडीत बसून निघून गेले. त्यांना काय सांगितलंस, असं मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, खरं तेच सांगितलं, की ड्रायव्हरची हरकत आहे.

पण ते नंतर. त्या वेळी मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि तो गाडीला वळसा घालून मागे गेला. गोधड्यांच्या ढिगामुळे तो मला दिसत नव्हता. बाजूच्या आरशात आमच्या त्या भाड्याच्या घरापुढची, गाडी लावायची अरुंद ड्राइव्ह, शेजाऱ्याचं कुंपण, कुंपणावर शेजारी. मी रिव्हर्स टाकला आणि कान मागे लावले.

"येऊ दे," तो ओरडला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "येऊ दे, येऊ दे. आपलीच आहे, येऊ दे."